मुंग्यांच्या पलीकडे

गेले चार-पाच महिने मी रविवारी दुपारी एकच काम करतेय, घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट्स कॉम्प्युटरवर उतरवून घेणं. एकूण ३१ कॅसेट्स आहेत. काम रटाळ आहे कारण त्यात घाई चालतच नाही, तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, व्हीसीआर त्याच्या चालीने चालतो आणि आपण नुसतं बसून राहायचं. व्हीएचएस जपानमध्ये १९७६ साली आली आणि २०१६ च्या जुलैत फुनाई या शेवटच्या कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं, म्हणजे चाळीस वर्षांत अख्खा खेळ आटोपला. आता जी मशीन्स चालू आहेत ती आहेत, बिघडली की पार्टसाठी दुसरं बंद पडलेलं मशीन शोधत फिरायचं. माझं हे तिसरं मशीन.

सतराव्या कॅसेटवर लेबलच नव्हतं. ज्यांनी कॅसेट्स वापरल्यात त्यांना आठवत असेल, कॅसेटच्या कडेला एक बारकी प्लॅस्टिकची पट्टी असायची, ती तोडली की त्यावर परत काही रेकॉर्ड व्हायचं नाही. म्हणजे एखादी गोष्ट जपून ठेवायची असली की पट्टी तोडायची. आणि मन बदललं की त्या भोकावर सेलोटेप चिकटवायची, मशीनला वाटतं पट्टी आहे, आणि कॅसेट परत वापरायला मोकळी. या कॅसेटची पट्टी तोडलेली होती आणि भोकावर सेलोटेप होती, पिवळी पडलेली, कडेने धूळ धरलेली. म्हणजे कुणीतरी हे जपायचं ठरवलं होतं आणि नंतर कुणीतरी ते मोडलं होतं.

आत निघाली एक परदेशी विनोदी मालिका, मी बारा-तेरा वर्षांची असताना वेड्यासारखी बघायचे ती. ओळीने पाच-सहा भाग. रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवून बसायचे मी, जाहिराती लागल्या की पॉज, मालिका परत सुरू झाली की सोडायचं, त्यामुळे प्रत्येक ब्रेकनंतरचं पहिलं वाक्य अर्धवट कापलेलं आहे. विनोद म्हणजे काय हे मी या कॅसेटवर शिकले असं म्हटलं तरी चालेल, कारण एकेक भाग मी पन्नास-पन्नास वेळा बघितलाय आणि कोण कुठे थांबतो, कुठे वळून बघतो, हे सगळं मला अजून पाठ आहे.

शेवटचा भाग संपला, नावं सुरू झाली, नावं मध्येच तुटली आणि पडद्यावर मुंग्या आल्या. मी तोपर्यंत आतल्या खोलीत गेले होते, मशीन बंद करायला येते म्हणत म्हणत कपाट आवरत बसले होते. आणि मला बाहेरून आईचा आवाज ऐकू आला.

आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

काय आहे ते सांगते. आई खुर्चीत बसलीये, पाठीमागे खिडकी आहे त्यामुळे तिचा चेहरा काळपट आलाय, उजेडाकडे पाठ करून बसवू नये हे बाबांना तेव्हा माहीत नव्हतं. कॅमेरा कुणाकडून तरी चार दिवसांसाठी आणलेला होता, खांद्यावर घ्यायचा तो मोठा, ज्याच्यात अख्खी व्हीएचएस कॅसेट बसायची. आधीचं सगळं पुसलं गेलंय. बहुतेक तिला काहीतरी बोलायला लावलं असणार, कारण आपल्याला दिसते तेव्हा ती अजून कॅमेऱ्यासमोरच आहे, मान ताठ, दोन्ही हात मांडीवर, ओठ मिटलेले. मग ती विचारते, "झालं ना? केलात बंद?" बाबांचा आवाज येतो, "हो, हो." आणि कॅमेरा चालूच राहतो.

यानंतर जे होतं ते मी आता कितीतरी वेळा बघितलंय. तिचे खांदे खाली येतात. ती चष्मा काढते, नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे लालसर ठसे उमटलेत, ते ती अंगठा आणि बोटाने चोळते, डोळे मिटून, चांगलं दोन-तीन वेळा. हे ती आयुष्यभर करायची. रोज. मी ते हजारो वेळा बघितलं असणार आणि साफ विसरून गेले होते, नऊ वर्षांत एकदाही मला ते आठवलं नव्हतं. आमच्याकडे तिचे दीड-दोनशे फोटो आहेत, एकाही फोटोत ते नाहीये, कारण फोटो काढताना कोण नाक चोळेल. मग ती चष्मा परत घालते, कॅमेऱ्याकडे बघते, तिला लाल दिवा दिसतो आणि ती ओरडते, "अहो! चालूच आहे की हे! टेप कशाला फुकट घालवता?" आणि बाबा हसतात. माइक त्यांच्या तोंडाजवळ, त्यामुळे ते हसणं इतकं मोठं आलंय की आवाज फाटतो. कॅमेरा हलतो, जमीन दिसते, संपतं. ३४ सेकंद.

सेलोटेप मीच लावली होती. दुसरं कोण लावणार, मालिका माझी होती. आई किती वेळ बोलत होती, काय बोलत होती, हे आता कुणालाच माहीत नाही. मी त्यावर पाच-सहा भाग टेप केले, शेवटचा भाग आईच्या ३४ सेकंद अलीकडे संपला म्हणून तेवढी ती राहिली. हे पचवायला मला काही दिवस लागले आणि पचलंय असं अजूनही नाही म्हणवत.

त्या मुंग्या का येतात हे मी नंतर समजून घेतलं. व्हीसीआरमध्ये टेप आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग फिरणाऱ्या ड्रमवर, जिथे चित्र लिहिलं जातं. या दोघांत काही सेंटिमीटरचं अंतर असतं आणि टेप सरकते सेकंदाला साधारण २.३४ सेंटिमीटरने. म्हणजे तुम्ही स्टॉप दाबता त्या वेळी टेपचा एक तुकडा असा असतो जो पुसून झालाय पण ज्यावर नवीन काही लिहिलं गेलेलं नाही. त्या तुकड्यावर मुंग्या. त्याच्या अलीकडे मी, पलीकडे आई.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण मी फोटो काढते, मध्ये दोन-तीन वर्षं स्टेजवर विनोद करून बघितलेत, लिहिते तर रोजच, आणि या ३४ सेकंदांनी मला या सगळ्याकडे परत बघायला लावलं. मला वाटतं माणूस सापडतो तो "झालं ना?" च्या नंतर. शॉट संपल्यावर, पोझ सुटल्यावर, विनोदाचा पंच पडून गेल्यावर, वाक्य संपल्यावर. जे ठरवून करायचं होतं ते झालेलं असतं आणि पुढचं अजून सुरू झालेलं नसतं, तेवढ्या जागेत.

फोटोग्राफी करणाऱ्या बऱ्याच जणांना हे हाताने माहीत असतं. समोरच्याला बसवायचं, लाइट बघायचा, काढायचा फोटो, "झाला" म्हणायचं, आणि तो "हुश्श" करतो तेव्हा अजून एक काढायचा. मी पण ही ट्रिक शिकले होते आणि ट्रिक म्हणूनच वापरत होते, समोरच्याला गाफील पकडायचं वगैरे. आता ते मला तसं वाटत नाही. गाफील पकडण्यात एक चोरी असते. मी हल्ली कॅमेरा डोळ्यावरून काढतच नाही, सांगते सरळ की मी अजून काढतेय, आणि थांबते. लोक पोझ किती वेळ धरून ठेवणार, आठ-दहा सेकंदांत चेहरा आपोआप आपल्या घरी येतो. वेळ लागतो फक्त.

वेळ लागतो यावरून फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या डागेर या फ्रेंच माणसाचा तो फोटो आठवतो, पॅरिसमधल्या एका बुलेव्हारचा, १८३८ सालचा. खिडकीतून काढलाय, खाली मोठा रस्ता, झाडं, इमारती, आणि रस्ता चक्क रिकामा. तो रिकामा नव्हता, गाड्याघोड्यांनी माणसांनी भरलेला असणार, पण तेव्हा प्लेटला काही मिनिटं उजेड द्यावा लागायचा आणि एवढ्या वेळात जो जो चालत होता तो तो पुसला गेला. राहिला कोण, तर कोपऱ्यात एक पाय वर ठेवून बुटाला पॉलिश करून घेणारा एक माणूस, आणि पॉलिश करणाऱ्याची जराशी पुसट आकृती. फोटोत आलेली ही जवळजवळ पहिली माणसं मानतात. त्या माणसाला पत्ताही नाही की आपला फोटो निघतोय, तो आपला थांबलाय बूट चकाकेपर्यंत. सगळ्या रस्त्यात थांबलेला तेवढा एकच, म्हणून तेवढाच राहिला. मला हा फोटो फार जवळचा वाटतो.

याच्या बरोब्बर उलट टोकाला कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरचा १९३२ सालचा तो साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस आहे, टाच पाण्याला टेकायच्या केसभर आधी पकडलेला. तो बघताना माझा सगळा मुद्दा डळमळतो हे मान्य करते. तिथे नंतरचं काही नाहीये, पाणी उडालेलं आपल्याला कधीच दिसणार नाही, आणि म्हणूनच तो फोटो तसा आहे. पण एक गोष्ट आहे, त्या फोटोत मला त्या माणसाबद्दल काही कळत नाही, तो एक सुंदर आकार आहे. पाणी उडाल्यावर त्याने ओल्या बुटांकडे कसं बघितलं असेल हे मला बघायला आवडलं असतं. माझी आवड म्हणा.

सिनेमाला तर नंतरचं दाखवायची सोय पहिल्यापासून होती, फक्त ती ओळखायला वेळ लागला. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये तिकीट लावून जे सिनेमे दाखवले ते सगळे एका मिनिटाच्या आतले, कारण कॅमेऱ्यात फिल्मच तेवढी बसायची, साधारण १७ मीटर. हँडल फिरवत राहायचं, फिल्म संपली की सिनेमा संपला. कुठे थांबायचं हे कुणी ठरवायचंच नव्हतं. पुढे जोडकाम आलं आणि कात्री आली, आणि कुठे कापायचं हा प्रश्न आला, आणि मला वाटतं सिनेमाचं खरं कसब तिथेच आहे. वॉल्टर मर्च हा एडिटर सांगतो की १९७४ च्या एका सिनेमावर काम करताना त्याच्या लक्षात आलं, तो जिथे कट करायचं ठरवायचा त्याच्या अगदी जवळपास जीन हॅकमनने पापणी लववलेली असायची. म्हणजे नटाच्या डोक्यात एक विचार पुरा झाला की पापणी लवते, आणि तो विचार एडिटरलाही तेव्हाच पुरा झाल्यासारखा वाटतो. हे वाचल्यापासून मी सिनेमा बघताना पापण्या बघते, एक-दोन वेळा करून बघा, मग सुटत नाही ते.

पण पापणी लवल्यावरही न कापणारी माणसं असतात. यासुजिरो ओझू, जपानी दिग्दर्शक. त्याच्या सिनेमात लोक बोलतात, उठतात, खोलीतून बाहेर जातात, आणि कॅमेरा तिथेच. रिकामी खोली, दार, एखादं भांडं, बाहेरून येणारा कसला तरी आवाज. कॉलेजात पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं रीळ कापायचं राहिलं की काय यांचं. आईला जाऊन महिना झाला होता तेव्हा परत बघितला आणि एका रिकाम्या खोलीच्या शॉटला मी इतकी रडले की पॉज करावा लागला. त्या खोलीत काहीच घडत नव्हतं. माणूस उठून गेल्यावर खोली कशी दिसते तेवढंच दिसत होतं, आणि महिनाभर मी घरात तेच बघत होते.

आता विनोद. मला वाटतं विनोदाइतकं हे कुठेच उघड नसतं, कारण तिथे नंतरच्या जागेत लोक हसतात, सरळ मोजता येतं. मी स्टेजवर करायचे तेव्हा माझी तक्रार असायची की लोक हसत नाहीत, मग एकदा फोनवर रेकॉर्ड केलेला स्वतःचा सेट बसून नीट ऐकला. लोक हसत होते. हसायला सुरुवात करत होते आणि मी पुढचं वाक्य बोलून ते तोडत होते, दर वेळी, एकही जागा सोडली नव्हती. मला ती शांतता सहन होत नव्हती. पंच टाकल्यावरचं ते एक सेकंद, जेव्हा अजून कुणीच हसलेलं नसतं आणि आपण सगळ्यांसमोर उभे असतो, त्याच्याइतकं लांब सेकंद मी दुसरीकडे कुठे अनुभवलेलं नाही.

बस्टर किटन, मूकपटांतला विनोदी नट, त्या सेकंदात राहायला गेलेला माणूस. लहानपणी आईवडिलांबरोबर स्टेजवर काम करायचा, त्याला आपटायचे, फेकायचे, आणि त्याला तेव्हाच उमगलं की आपण हसलो तर लोक कमी हसतात. मग त्याने हसणं सोडलंच. त्याच्या १९२८ च्या एका सिनेमात घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर पडते, तो बरोबर उघड्या खिडकीच्या जागी उभा असतो म्हणून वाचतो, भिंत खरी होती, थोडं इकडेतिकडे झालं असतं तर माणूस गेला असता. सगळे त्या पडणाऱ्या भिंतीबद्दल बोलतात. मला भिंत पडल्यानंतरचा तो दिसतो, धुळीत तसाच उभा, काही झालंय हे अजून त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही अशा चेहऱ्याने. हसू मला तिथे येतं आणि हसताहसता पोटात खड्डाही तिथेच पडतो.

आणि टीव्हीने या जागेचं काय केलं? भरून टाकली. चार्ल्स डग्लस नावाच्या अमेरिकन साउंड इंजिनीअरने १९५० च्या दशकात हसण्याचं मशीनच बनवलं, टाइपरायटरसारख्या कळा, एकेक कळ दाबली की वेगवेगळं हसू, खुदखुदणं, खो खो, एकटी बाई, अख्खं सभागृह. मशीनला कुलूप असायचं, आत काय आहे ते तो कुणाला बघू द्यायचा नाही. माझ्या कॅसेटवरच्या मालिकेतही डबाबंद हसू आहे आणि लहानपणी मला ते खटकलंच नव्हतं, मी त्याच्याबरोबर हसायचे. आता ऐकताना कळतं की प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी माझ्या वतीने हसून मोकळं होतंय, मला त्या जागेत जाऊच देत नाहीये. 'मॅश' या युद्धातल्या डॉक्टरांच्या मालिकेतही चॅनलने हशा घालायला लावला होता, पण करणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करून घेतली, ऑपरेशन थिएटरच्या सीनमध्ये हशा नाही. तिथे डॉक्टर रक्तात हात घालून विनोद करतात आणि पुढे काहीच वाजत नाही. त्या विनोदाचं काय करायचं ते आपलं आपण बघायचं. त्यामुळे असेल, ते विनोद विसरता येत नाहीत.

आणि माझ्या कॅसेटवर तर हे दोन्ही शेजारी शेजारी आलंय. दोन-अडीच तास डबाबंद हशा, मग मुंग्या, मग बाबांचं ते एकच हसणं, माइक फाडणारं. मी ते हेडफोनवर ऐकलं तेव्हा दचकून मागे सरले. इतकी वर्षं एकत्र राहून बाबा असे हसतात हे मला माहीत नव्हतं. आईला माहीत असणार.

लिहिण्याचं मात्र वेगळं आहे आणि इथे मी बराच काळ चुकत आले. नंतरची जागा मोलाची म्हणून मी लेखात शेवटी एक पॅरा जास्तीचा लिहायचे, सगळं सांगून झाल्यावर परत एकदा, म्हणजे मला असं म्हणायचंय की वगैरे. एका मैत्रिणीला लेख वाचायला द्यायचे, ती काही न बोलता शेवटच्या पॅरावर आडवी रेघ मारून परत द्यायची. सुरुवातीला राग यायचा. थांबणं आणि समजावून सांगणं यात मी गल्लत करत होते. ओझूची रिकामी खोली काही समजावत नाही. किटनचा चेहरा तर काहीच समजावत नाही. समजावतो तो डबाबंद हशा, की हे बघा, इथे हसायचं होतं. माझा शेवटचा पॅरा म्हणजे तेच होतं, वाचणाऱ्याच्या जागेत मीच बसून घ्यायचे. आता ती रेघ मी स्वतःच मारते, नेहमी जमतंच असं नाही.

फोनमुळे हे सगळं अजून विचित्र झालंय. आयफोनने २०१५ मध्ये ते लाइव्ह फोटो आणले, क्लिकच्या आधीचं दीड सेकंद आणि नंतरचं दीड सेकंद पण साठवायचं. मला वाटलं होतं आता तर खजिनाच मिळणार. पण माझ्या फोनमधले बघितले तर नंतरच्या दीड सेकंदात बहुतेक वेळा जमीन आहे, किंवा माझा स्वतःचा अंगठा. क्लिक झाली की मी फोन खाली करते. आपण सगळेच करतो, झालं की निघालो. मशीन थांबायला तयार आहे, आपला हात नाही. व्हिडिओचंही तेच, शेअर करायच्या आधी पहिलं काम म्हणजे पुढची-मागची शेपटं उडवणं, आणि कशासाठी, तर बघणाऱ्याने अंगठा वर सरकवू नये म्हणून. मी हल्ली एवढंच करते की व्हिडिओ काढताना, झालं असं वाटल्यावर, मनात दहा अंक मोजते. नव्वद टक्के वेळा काही मिळत नाही. परवा भाचीचा गाण्याचा व्हिडिओ काढला, गाणं झालं, मी मोजत राहिले, सातव्या अंकाला ती हळूच म्हणाली, "मी मधलं कडवं विसरले, कुणाला कळलं का?" तो व्हिडिओ तसाच ठेवलाय, शेपटासकट.

सतराव्या कॅसेटची फाइल सेव्ह करताना प्रश्न आला की कुठून कुठपर्यंत ठेवायची. सॉफ्टवेअरमध्ये दोन खुणा असतात, सुरुवात आणि शेवट, त्या सरकवायच्या. आधी वाटलं आई तेवढी वेगळी काढावी, ३४ सेकंदांची स्वच्छ फाइल. करून बघितलं. नाही बरं वाटलं. ती एकदम सुरू होते, मान ताठ, आणि कुठून आली ते कळत नाही. मग मी खूण मागे मागे सरकवत नेली, मुंग्यांच्या आधी, तुटलेल्या नावांच्या आधी, मालिकेतल्या शेवटच्या हशापर्यंत.

गेल्या रविवारी बाबांना बोलावलं. काय आहे ते सांगितलं नाही, म्हटलं माझी जुनी मालिका सापडली, बघा. ते बसले, जरा वेळ बघितलं, नावं सुरू झाल्यावर उठायला लागले.

"बाबा, बसा ना जरा."

"संपलं की."

मुंग्या आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मशीन बिघडलं असं वाटलं असणार. मग आई आली. ते तसेच अर्धवट उठलेले राहिले, एक हात खुर्चीच्या हातावर. "झालं ना? केलात बंद?" म्हणाली तेव्हा त्यांचे ओठ हलले, आवाज नाही आला, पण हो हो म्हणाले ते. तिने चष्मा काढला, नाक चोळलं. टेप फुकट घालवता म्हणून ओरडली. ते टीव्हीवर मोठ्याने हसले आणि खोलीत गप्प राहिले. जमीन दिसली, संपलं.

मी पण काही बोलले नाही. मनात मोजत होते की नाही आठवत नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "बटण मी दाबलंच नव्हतं तेव्हा."

मग खाली बसले, नीट, मागे टेकून.

"परत लाव. मुंग्यांपासून लाव."